मुलांना टोपी घालून पाठवा

ऑगस्ट आणि नोव्हेंबर हे आमच्या उर्दू शाळेला आमंत्रणे येण्याचे महिने. २० ऑगस्टला सद्भावना दिवस, १९ ते २५ नोव्हेंबर कौमी एकता सप्ताह. आठवडाभर आधी फोन येतो, "मॅडम, तुमची पाच-सहा मुलं पाठवा. आणि जरा टोपी घालून पाठवा."

आमची मुले शाळेत गणवेशात येतात. टोपी जुम्म्याला आणि ईदला. एरवी ती दप्तराच्या तळाशी चुरगळलेली, नाहीतर घरी खुंटीवर. पण मंचावर टोपीशिवाय ती मुसलमान आहेत हे कळणार कसे? बारा वर्षांच्या नोकरीत अशा कितीतरी कार्यक्रमांना मी मुले घेऊन गेले. चार मुले चार वेशांत उभी राहतात, फुगे सोडले जातात, फोटो निघतो, बिस्किटाचा पुडा मिळतो आणि आमची मुले रिक्षाने मोहल्ल्यात परत येतात. शेजारी हात धरून उभ्या असलेल्या मुलाचे नाव काय, असे मी परतताना दरवेळी विचारते. आजवर एकालाही सांगता आलेले नाही.

या चित्राचे मोल मी नाकारत नाही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर धारावीत वकार खान यांनी चार मुलांना चार धर्मांच्या वेशात उभे करून 'हम सब एक हैं' असे पोस्टर काढले. भाऊ कोरडे यांच्यासारखे सोबती घेऊन ते वस्त्यांमधून फिरले. त्या दोघांच्या मैत्रीवर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ साली 'नाता' नावाचा माहितीपट केला. ज्या गल्ल्यांमधून माणसे एकमेकांना टाळत होती, तिथे भिंतीवर चार मुले एकत्र दिसणे हीच मोठी गोष्ट होती. शिवाय त्या पोस्टरमागे दोन माणसांचे रोजचे येणे-जाणे होते. पुढे नक्कल करणाऱ्यांनी पोस्टर तेवढे घेतले. येणे-जाणे कष्टाचे काम, ते राहून गेले.

बी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पुस्तकात मुजफ्फर शरीफ हे नाव भेटले, तेव्हा आपले माणूस म्हणून मी तो धडा जरा जास्त लक्ष देऊन वाचला. हे तुर्कस्तानात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले अभ्यासक. १९५४ साली ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह नावाच्या ठिकाणी त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे शिबिर भरवले. दोन गट केले, सामने लावले, आणि काही दिवसांतच मुले एकमेकांचे झेंडे जाळू लागली. मग शरीफ यांनी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र सिनेमा दाखवला. म्हणजे आपल्याकडच्या सद्भावना मेळाव्यात जे करतात तेच. झाले काय? जेवणात अन्नाची फेकाफेक झाली. भांडण निवळले ते पाण्याचा पुरवठा बंद पडल्यावर आणि खाण्याचे सामान आणणारा ट्रक अडल्यावर. बिघाड सगळा शरीफ यांच्या माणसांनी मुद्दाम केलेला होता, पण मुलांना ते ठाऊक नव्हते. ज्या दोराने रस्सीखेच खेळले होते, त्याच दोराने सगळ्यांनी मिळून ट्रक ओढला. अर्थात ती सगळी मुले गोरी, एकाच पंथाची, एकाच थरातली. त्यांच्या आजोबांनी एकमेकांची घरे जळताना पाहिलेली नव्हती. तरी एकत्र बसणे वेगळे आणि मिळून काही ओढणे वेगळे, एवढे मला त्या धड्यातून पटले.

आमच्या शाळेची इमारत एक आणि शाळा दोन. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. बाके तीच, फळा तोच, पाण्याची टाकीही तीच. फाटकात दोन्हीकडची मुले रोज पाच मिनिटे समोरासमोर येतात आणि धक्काबुक्की करून पांगतात. मराठी शाळेच्या एका बाईंशी माझी ओळख हजेरीपटाच्या कपाटावरून झाली होती, कारण कपाटही एकच. दोघींनी ठरवले की मेळावा नको, काम द्यायचे. शनिवारी आमची शाळा सुटून त्यांची भरण्याआधीचा एक तास. सातवीची मुले, दोन्हीकडची अठरा-अठरा. काम असे, की बालभारतीची आपापली पुस्तके शेजारी ठेवायची आणि दोन्ही भाषांतल्या शब्दांचा तक्ता करायचा. त्यांचे पुस्तक डावीकडून उघडते, आमचे उजवीकडून. आतली चित्रे पाहून मुले चकितच झाली. "आपला नकाशा यांच्याकडे कसा?" हा पहिला प्रश्न होता, आणि तो दोन्ही बाजूंनी आला.

चौरसाला उर्दूत मुरब्बा म्हणतात. हे ऐकताच मराठीची मुले पोट धरून हसली. आमची चिडली, मग त्यांनाही हसू आवरेना. पण 'आयत' शब्द आला तेव्हा आमची मुले गप्प झाली. मराठीत आयत म्हणजे लांबट चौकोन, ज्याला आम्ही मुस्ततील म्हणतो. आमच्याकडे आयत म्हणजे कुरआनातले वचन. एका मुलीने हळूच विचारले, "मॅडम, आयत की लंबाई कैसे नापते?" पलीकडच्या मुलाने पट्टी काढून दाखवली, आणि मग तिने त्याला तिच्या आयतेचा अर्थ सांगितला. त्याने तो वहीत लिहून घेतला. कुणी भाषण केले नाही.

पुढे शब्दांचा पूरच आला. 'खाली बसा' म्हणजे जमिनीवर बसा. आमच्या मुलांना तो रिकामटेकडे बसण्याचा हुकूम वाटतो. दप्तर त्यांच्या पाठीवर असते, आमचे दफ्तर म्हणजे कचेरी. शाई, कागद, हजेरी, तारीख, खुर्ची हे शब्द आपल्याकडे कुठून आले हे बाईंच्या मुलांना नवीन होते. माधव जूलियन यांनी १९२५ साली अख्खा फारशी-मराठी कोश केला होता, हे मी सांगितले तेव्हा बाईही क्षणभर थांबल्या.

इथे मला मुद्द्याचे बोलायचे आहे. मुलांना एकत्र आणणारे जेवढे उपक्रम मी पाहिले, त्यांत भाषेचा पूल ओलांडायचे काम आमच्याच मुलांकडे असते. ती मराठी शिकतात, आणि शिकलीच पाहिजेत. मी स्वतः मराठीत लिहिते ते त्यामुळेच. पण मेळाव्यातल्या यजमानांना आमच्या मुलाचे नाव नीट उच्चारायचेही कष्ट नसतात. इस्रायलमध्ये 'हँड इन हँड' या संस्थेने १९९८ पासून अरब आणि ज्यू मुलांच्या एकत्र शाळा चालवल्या. वर्गात दोन्ही समाजांचे शिक्षक, दोन्ही भाषा. गाझात हजारो मुले मारली गेली असताना त्या देशातल्या शाळेचे काय कौतुक, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मी कौतुकासाठी नव्हे, त्यांच्या अडचणीसाठी सांगते आहे. अभ्यासकांना दिसले की इतका आटापिटा करूनही अरब मुले हिब्रू सफाईने बोलू लागली, ज्यू मुलांचे अरबी मात्र मागे राहिले. बाहेर ज्याची सत्ता, त्याची भाषा वर्गातही वरचढ. जेरुसलेमच्या शाळेचा पहिलीचा वर्ग नोव्हेंबर २०१४ मध्ये माथेफिरूंनी जाळला. पण मला वाटते, त्या आगीपेक्षा ही भाषेची हळू झीज जास्त विचार करायला लावणारी आहे. ती कुणी बाहेरून येऊन करत नाही. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते एकमेकांच्या भाषा शिकण्याचेच होते, आणि 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही त्यांनी लिहिले. आज त्यांचे नाव मंचावर असते. त्यांनी केला तेवढा अभ्यास कोण करते?

आमचे शनिवार चारच झाले. तिसऱ्या शनिवारी मराठीच्या मुलांनी स्वतःची नावे उर्दूत लिहून घरी नेली. सोमवारी एक वडील आले, "आमच्या पोराला उर्दू कशाला?" त्याच आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एक खालाजान आल्या, "बेटा, लड़कियों को उन लड़कों के साथ मत बिठाओ." बाईंनी त्या वडिलांना समजावले, मी खालाजानना. दोघेही अर्धेच पटले. चौथ्या शनिवारनंतर मोबाइलवरच्या कुठल्याशा चित्रावरून गावात तणाव झाला, दोन दिवस शाळा बंद. त्यानंतर वरून तोंडी निरोप आला की सध्या थांबवा. लेखी कुणी काही देत नाही.

बंद होण्याआधीच्या त्या शनिवारी मुले 'दंगल' या शब्दापाशी अडली होती. मराठीच्या मुलाने अर्थ लिहिला होता जाळपोळ, मारामारी. आमचा एक मुलगा हटून बसला की दंगल म्हणजे कुश्ती, त्याचे चाचा जत्रेत खेळायला जातात. दोघांचे वाजले. बाईंनी विचारले, मग काय लिहायचे? दोन्ही लिहिले. तक्त्यावरचा तो एकशे बारावा शब्द.

तक्ता व्हरांड्यात होता, तो काढायला सांगितला. आता तो त्या सामाईक कपाटात गुंडाळून ठेवला आहे. मी आणि बाईंनी मिळून यंदा पुन्हा परवानगीचा अर्ज केला आहे, अजून उत्तर नाही. मात्र बाके तीच आहेत. गेल्या आठवड्यात तिसऱ्या बाकाच्या खणात एक चिठ्ठी सापडली. मराठीत विचारले होते, "गैरहजर उर्दूत कसे लिहितात?" खाली आमच्या कुणीतरी उजवीकडून डावीकडे लिहून ठेवले होते. ती चिठ्ठी मी खणात होती तशीच परत ठेवली.