खणांपुढचा माणूस

नोकरीच्या संदर्भात 'कंटाळा' हा शब्द इतक्या सहजपणे उच्चारला जातो की त्याच्या मुळाशी काय आहे, हे पाहण्याचे राहूनच जाते. तेच ते काम पुन्हापुन्हा करावे लागते म्हणून माणूस कंटाळतो, हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण. परंतु हातमागावरचा धोटाही दिवसभर त्याच वाटेने जातो-येतो. आणि जात्याच्या फेऱ्यांत कष्ट थोडे नव्हते, तरी ओवी त्याच फेऱ्यांतून जन्मली. पुनरावृत्ती आणि कंटाळा यांचे नाते दिसते तितके सरळ नसावे.

रेल्वे डाक सेवेतील एका सॉर्टरचे आयुष्य या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. रात्रीच्या मेलला जोडलेल्या टपालाच्या डब्यात, लाकडी खणांच्या मांडणीपुढे उभे राहून त्याने उमेदीची वर्षे काढली. डबा हलत असे. हात मात्र चुकून चालत नसे. नोकरीच्या आरंभी कोणते गाव कोणत्या खणात, हे पाठ करून त्याने परीक्षा दिली होती. बिलासपूर हिमाचलातले की तेव्हाच्या मध्य प्रदेशातले? औरंगाबाद मराठवाड्यातले, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, की बिहारमधले? आणि नुसते 'रामपूर' लिहिलेले असेल तर शेकडो रामपुरांतले नेमके कोणते? पत्त्याची लिपी, निघाल्या गावाचा शिक्का, आडनावाची धाटणी यांवरून तो क्षणार्धात निर्णय करी. कधीही न पाहिलेल्या गावांचा भूगोल त्याच्या बोटांत उतरला होता. काम तेच होते. पण दर पाकिटागणिक त्याला थोडे का होईना, वाचावे लागत होते.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिपी आणि अशुद्ध लिहिलेले पत्ते यांतून त्यांनी काढलेली वाट निर्दोष होती. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि उरलेले तीन टपाल कार्यालयाचे. शब्दांच्या संदिग्धतेवर प्रेम करणाऱ्या कवीनेच पत्त्यातली संदिग्धता संपवावी, यात एक मौज आहे.

सवय लागत गेली तसा सॉर्टरचा वेग वाढला, चुका घटल्या. मात्र नजर आता पाकिटाच्या तळाशीच थांबू लागली. गावाचे नाव वाचण्याची गरज उरली नाही, आणि ज्याची गरज नाही ते हळूहळू दिसेनासे झाले. तक्रार करावी असे काहीच नव्हते. नेमकी हीच अडचण होती. मार्क्सने १८४४च्या हस्तलिखितांत मांडलेल्या परात्मतेची चर्चा सहसा कारखान्याच्या संदर्भात होते. इथे पिळवणुकीत नव्याने काही भर पडली नव्हती, पगारही कापला गेला नव्हता. कामाला हात हवा होता. त्या हातामागचा जाणता माणूस तितकासा नको होता. कंटाळ्याचे मूळ पुनरावृत्तीपेक्षा या नकोसेपणात अधिक असते.

तथापि या हानीचे गौरवीकरण करणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. दूरच्या खेड्यात पत्राची वाट पाहणाऱ्या आईला सॉर्टरच्या ज्ञानाचे कौतुक कशासाठी असावे? तिला पत्र हवे होते, आणि सहा आकड्यांनी ते अधिक खात्रीने पोचत होते. एकाची सोय दुसऱ्याच्या कामातला अर्थ खर्ची घालून होते, हा व्यवहार अनेकदा न्याय्यच असतो. मात्र त्या खर्चाची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

पिनकोड नसलेली, अक्षर न लागणारी पाकिटे त्यानंतरही येत. तरुण सहकारी ती बाजूला काढून ठेवत आणि म्हणत, "ही दादांना दाखवा." रात्रभराच्या ढिगातून अशी मोजकीच निघत. चहा झाल्यावर तो चष्मा पुसून ती हाती घेई, दिव्याखाली धरी, कधी गावाचे नाव हलकेच उच्चारून पाही. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर कंटाळ्याची खूण नसे.

निवृत्तीनंतर तो स्वतः पत्रे लिहू लागला, तेव्हा पाकिटावर सहा आकडे अचूक घालीत असे. त्याआधी मात्र मुक्काम, पोस्ट, तालुका आणि जिल्हा हे सारे सुवाच्य अक्षरांत पूर्ण लिहिलेले असे.