म्हातारी

शिकवण्या घेऊन साठविलेल्या पैशांत एक जुनी मोटारसायकल घ्यायची, म्हणजे खानापूरहून रोज कॉलेजला वेळेवर पोहोचता येईल, असे मी ठरविले. चालवायला शिकून जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणून आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक काकांना बरोबर घेतले.

पहिली गाडी पाहिली कोल्हापुरात. दीडशे सी.सी., आरशासारखी लखलखीत आणि स्वस्त! मी हरखलो. काकांनी मात्र आधी इंजिनाला हात लावला. ते गरम होते. "आपण यायच्या आधीच तापवून ठेवलीय बघ. थंड असताना सुरू होते की नाही, कसं कळणार? आणि गाडी सीमा ओलांडते, कागद आपोआप ओलांडत नाहीत." तिकडच्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र हवे. बारा महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवायची तर कर्नाटकात नवी नोंदणी अन् रोड टॅक्सही. स्वस्ताई तिथेच संपली.

दुसरी बेळगावचीच, के.ए. २२ नंबरची, रंग उडालेली ९७ सी.सी. स्प्लेंडर. इंजिन थंडगार, दुसऱ्या किकला सुरू झाले. निळा धूर नाही, म्हणजे इंजिन ऑइल जळत नाही. चासी नंबर आर.सी.शी जुळला. मुख्य म्हणजे, बसल्यावर माझे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले. नवशिक्याला याहून मोठा आधार कोणता?

मित्र तिला 'म्हातारी' म्हणतात. म्हणोत बापडे! म्हातारी माणसे आपल्याला सांभाळून नेतात, हे त्यांना ठाऊक नसावे.