कोणीतरी झिजतं

वेगाचं कौतुक सगळ्यांना. थांबण्याचा भार मात्र कोणाच्या तरी अंगावर पडतो.

लहानपणी तो बैलांच्या अंगावर पडे. हिंगणघाटच्या जिनिंगला कापसाची बंडी निघाली की वणा नदीच्या उतारावर सगळं ओझं पुढं रेटायचं. बंडीला ब्रेक नव्हताच. धुरकरी कासरा आवळून धरी आणि बैल माना वर करून, मागचे पाय रोवून अख्खी बंडी तोलत. हंगाम संपेस्तोवर खुरांच्या पत्र्या कागदासारख्या पातळ होत. पुढं सायकल आली. तिचे ब्रेकचे रबर रिमवर घासत. ते संपले की चपलेचा तळवा टायरवर. मग घरात लुना आली. तिचे ब्रेक ड्रमच्या आत. झिजणारं दिसेनासं झालं, ते तेव्हापासून.

वडील सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत शिकलेले. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हातकाम शिक्षणाच्या मध्यभागी आलं. वडिलांच्या बोटांत ते आयुष्यभर राहिलं. ते म्हणत, "ज्याच्या भरवशावर घराबाहेर पडतो, ते एकदा तरी उघडून पाहावं."

म्हणून गाडीच्या पुढच्या चाकातून ब्रेक दाबताना चिरका आवाज येऊ लागला, तेव्हा अंगणातच बैठक मारली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले, मग जॅक आणि खाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नसतो. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला आणि तारेनं बांधला, म्हणजे होजपाइपवर ताण नको. काळी पूड फुंकली नाही, ओल्या चिंधीनं पुसली. जुना पॅड हातात घेतला: लोखंडी पाटीवर जेमतेम दोन मिलीमीटर थर उरलेला. सी-क्लॅम्पनं पिस्टन हळूहळू मागं दाबला, तसं बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल वर चढलं. नवे पॅड बसवले आणि दुसऱ्या बाजूचंही तसंच केलं. पॅड जोडीनंच बदलतात. शेवटी गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक होईस्तोवर दाबत राहिलो. नाही तर पहिल्याच ब्रेकला पाय थेट तळाशी जातो.

मुलगा म्हणाला, "बाबा, गॅरेजवाला अर्ध्या तासात करून देते नं, कायले एवढी खटपट?"

हिशेब त्याचा बरोबर. पण येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढलं की काटा सहज १२०वर जातो. साठच्या दुप्पट वेग म्हणजे ब्रेकला चौपट काम. ती सगळी धाव त्या बोटभर पट्ट्यांच्या घासण्यातच उष्णता होऊन जिरते. हे मी शाळेत शिकलो होतो. पॅड हातात धरल्यापासून मात्र पुढं ट्रकचे लाल दिवे दिसले की ब्रेकवर जाण्याआधी माझा पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो.