मीठ, सोडा आणि पाणी

येरवडा, पुणे ६

चि. बाळ,

रेणू, पेशींतील वाहतूक आणि विकरे हे तीनही धडे पाठ झाले, पण त्यांचा परस्परसंबंध उमगत नाही, असे तू लिहिलेस. त्याचे उत्तर मला काल आमच्या कारागृहाच्या भिंतीकडेने फिरताना सुचले.

१८ ऑगस्ट १९३२ रोजी गांधीजींनी येथूनच ब्रिटनच्या पंतप्रधानांना कळविले की, आमरण उपोषणात आपण पाण्याखेरीज, आणि वाटल्यास त्यात घातलेल्या मीठ-सोड्याखेरीज, काही घेणार नाही. त्या उपोषणाने डॉ. आंबेडकरांवर जे दडपण आले त्याचा निवाडा निराळा, तो मामाच्या पत्रात व्हावयाचा नाही. मला खिळवून ठेवतात ते हे दोन क्षुल्लक जिन्नस.

अन्न थांबले की यकृतातील ग्लायकोजेनची शिल्लक साधारण एका दिवसात सरते. मग चरबीची गंगाजळी फुटते, यकृतातील विकरे तिच्यापासून कीटोनद्रव्ये घडवितात आणि हळूहळू मेंदूही त्यांवर गुजराण करू लागतो. ही द्रव्ये आम्लधर्मी. सोडा त्या आम्लाचे शमन करतो. मिठाची तजवीज याहून सूक्ष्म आहे. उपाशी देह आरंभी मूत्रावाटे सोडियम गमावतो, आणि जिकडे क्षार अधिक तिकडे पाणी, हा परासरणाचा कायदा असल्याने त्याच्यामागे पाणीही निघून जाते.

सोडियमला मात्र पेशीपटलातून असे मोकळे जाता येत नाही. तेथील पहारेकरी तीन सोडियम बाहेर घालवितो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि दर खेपेस एटीपीचा एक रेणू खर्ची टाकतो. (कचेरीतील फारसी पेशी व देहातील संस्कृत पेशी यांचे गोत्र भिन्न, तरी दोन्हीकडे दाराशी पुकारा झाल्यावाचून आत जाता येत नाही, याची मला गंमत वाटते.) हा पहारेकरी प्रथिन आहे, वाहतूक करतो, आणि एटीपी फोडतो म्हणून विकरही आहे, तुझे तीनही धडे त्या एका रेणूत नांदतात.

२६ सप्टेंबरच्या सायंकाळी कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन ते उपोषण सुटले. त्यातील उसाच्याच जातीची साखर आतड्याच्या अस्तरावरील सुक्रेज या विकराने दुभंगली असेल, आणि सुटलेले ग्लुकोज सोडियमचाच हात धरून पेशीत शिरले असेल.

शनिवारी येताना पुस्तक आण. संत्री मी आणून ठेवतो.

तुझा मामा