विंचवाची गाडी आणि केडगावचे गतिरोधक

सस्पेन्शनचे काम दोघे मिळून करतात. स्प्रिंग रस्त्याचा धक्का साठवून घेते आणि शॉकअप तो जिरवतो. नुसती स्प्रिंग असती, तर खड्डा मागे पडल्यावरही गाडी कितीतरी वेळ वरखाली होत राहिली असती. शॉकअपच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णता होऊन हवेत निघून जाते. खराब रस्त्यावरून लांबचा प्रवास करून आल्यावर शॉकअपला हात लावला, तर तो कोमट लागतो. अंगाला न बसलेले धक्के त्या कोमटपणात जमा झालेले असतात.

कंपनीने बसवलेले सस्पेन्शन ही तडजोड असते. त्याच गाडीत एकदा चालक एकटाच असतो, दुसऱ्यांदा पाच माणसे, देवदर्शनाचे सामान आणि टपावर सायकल असते. कंपनीला दोन्ही सांभाळावे लागते. बाहेरचे सस्पेन्शन बसवणारा त्यातली एक बाजू सोडून देतो. वळणावर गाडी कमी झुकावी, ब्रेक दाबल्यावर नाक कमी खाली जावे, स्टिअरिंगला गाडीने लगेच ओ द्यावी, एवढे त्याला हवे असते. त्याबदल्यात पाठीला थोडे सोसायची त्याची तयारी असते. घरच्यांची असते की नाही, हे सहसा नंतर कळते.

नगर-पुणे रस्त्यावर या हौसेचे एक जवळचे उदाहरण आहे. नगरच्या केडगावातून पुण्याकडे साठ-सत्तर किलोमीटर गेले की रांजणगावला फियाटचा कारखाना लागतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आलेली अबार्थ पुंतो तिथलीच. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, दारांवर पट्टे आणि नाकावर विंचू. काटेकोर बोलायचे तर ती स्पोर्ट्‌स कार नव्हे, पाच दारांची हॅचबॅकच. पण दहा लाखांच्या आसपास एवढी ताकद देणारी दुसरी देशी बनावटीची गाडी तेव्हा सहजी सापडली नसती. आता ती नवी मिळत नाही. ज्यांच्याकडे आहे, ते सहजी विकत नाहीत.

विंचवाच्या मागेही एक कथा आहे. कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत धंदा मांडला, तो साध्या फियाटचा वेग वाढवणारे सुटे भाग विकण्याचा. छोट्या फियाट ५०० साठीचा संच लाकडी पेटीत भरून येई आणि घेणाऱ्याने तो आपल्या गाडीला जोडायचा असे. विंचू ही अबार्थ यांची राशी. तेव्हा अबार्थच्या गाडीला घराच्या पोर्चमध्ये नवे शॉकअप चढवणे यात परंपरेला सोडून काही नाही.

नगरलाही वाहनांचे वावडे नाही. कायनेटिकची लुना याच शहरात घडली आणि केडगावच्या वाटेवरच्या चौकाला कायनेटिकचे नाव मिळाले. शहराच्या दुसऱ्या अंगाला, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. व्हीआरडीई या आद्याक्षरांनीच गावाला ती ठाऊक. लष्कराची वाहने तिथल्या परीक्षण-पथांवर मुद्दाम हाल करून तपासली जातात. शिवाय नेप्तीच्या कांदा मार्केटला येणारे ट्रक आहेत आणि त्यांचे पाटे दुरुस्त करणारे कारागीर आहेत. रविवारी सकाळी एखाद्या पोर्चमध्ये चार चाके उतरवलेली गाडी दिसली, तर केडगावात कोणी दचकत नाही. येणारा-जाणारा थांबतो आणि न विचारता सल्ला देतो.

काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि सगळे यश त्यावर असते. गाडी किती खाली बसवायची? छायाचित्रात टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटही न शिरणारी गाडी देखणी दिसते. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. शाळेसमोर, मंदिरासमोर किंवा अपघातानंतर गावाने एका रात्रीत घातलेल्या गतिरोधकाला ही शिफारस ठाऊक नसते. तो अरुंद असतो, उभा असतो आणि बहुधा त्याच्यावर पांढरा पट्टाही नसतो. केडगावात गाडीची उंची हा गतिरोधक ठरवतो. पंधरा-वीस मिलिमीटर उतरवणे शहाणपणाचे. त्याच्या दुप्पट उतरवली तर इंजिनखालचा पत्रा आठवड्यात ओरखडे दाखवू लागतो.

फार खाली बसवण्यात आणखी एक मेख आहे आणि ती दिसत नाही. पुंतोच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४०च्या दशकात मांडलेली ही रचना आज बहुतेक छोट्या गाड्यांत असते: शॉकअप, त्याच्याभोवती स्प्रिंग, खाली एकच आडवा आर्म. गाडी जास्त उतरवली की हा आर्म चाकाच्या बाजूने वर उचलला जातो. गाडी ज्या बिंदूभोवती कुशीवर झुकते, तो बिंदू मग गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो. झुकवणारी तरफ लांबते. झुकणे कमी व्हावे म्हणून केलेला खटाटोप उलटतो, आणि ते लपवायला स्प्रिंग आणखी कडक घ्यावी लागते.

कडकपणाचे गणित मात्र सोपे आहे. गाडीच्या वजनाने चाकाजवळ स्प्रिंग २०० मिलिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला साधारण १.१ वेळा हेलकावते. १०० मिलिमीटरच दबत असेल तर १.६ वेळा. पहिली चाल आरामाच्या गाडीची, दुसरी खेळाडू गाडीची. स्प्रिंग कडक झाली की तिला आवरणारा शॉकअपही तसाच जोरकस लागतो. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. नुसत्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा स्वस्त पडतात, म्हणून त्या जुन्या शॉकअपवर चढवल्या जातात. जुना शॉकअप कमी लांबीत काम करू लागतो, वरचेवर रबरी बंप स्टॉपवर आपटतो आणि वर्षभरात तेल सोडतो. पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर चांगले शॉकअप घ्यावेत आणि उंची आहे तशी राहू द्यावी. जास्त असतील तर जुळवून दिलेला पूर्ण संच. आटे पाडलेल्या नळीवर दोन रिंगा फिरवून उंची बदलता येते, त्या कॉइलओव्हरचा मोह सगळ्यांना होतो. पण पावसाळ्यातला चिखल त्याच आट्यांत बसतो आणि न पुसणाऱ्याच्या रिंगा दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतात.

कामाच्या आदल्या रात्री सगळ्या जुन्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवतात. सकाळी हाल वाचतात.

पोर्चची फरशी शहाबादी असेल तर जॅकखाली जाड फळी हवीच, नाहीतर गाडीआधी फरशी उलते. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून पोर्चला उतार दिलेला असतो आणि उभी केलेली गाडी त्याच उताराने घसरू पाहते. म्हणून उचलायच्या नसलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव लावायचा. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नसतो. गाडी उचलली की तिच्या खाली लोखंडी स्टँड, ज्याला गॅरेजात घोडी म्हणतात, लावल्याशिवाय कोणाचा हातही आत जाता कामा नये. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे रचून काम भागवणारे दिसतात. वीट सांगून फुटत नाही.

मित्र लागतात ते याच कामासाठी. एकट्याने होईल असे त्यात फार थोडे आहे. एकजण जॅकवर, एकजण पान्यावर, एकजण मोबाईलचा उजेड धरून आणि प्रत्येक भाग सुटण्याआधी त्याचा फोटो काढून. चौथा चहा आणतो आणि मत देतो. एमआयडीसीत फिटर असलेला एखादा मित्र या मंडळीत असला, तर त्याचा शब्द अखेरचा मानावा, मग गाडी कोणाचीही असो. त्याचा हात बोल्टवर टेकला की तो सुटणार की तुटणार, हे त्याला आधीच कळलेले असते.

मागची बाजू सोपी. पुंतोच्या मागे दोन्ही चाके एका आडव्या बीमला जोडलेली असतात. स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. बीमला जॅकचा आधार देऊन दोन्ही बाजूंच्या शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि बीम हळूहळू खाली सोडायचा. स्प्रिंग हातात येते.

पुढची बाजू दिवस खाते. चाक काढायचे, स्टॅबिलायझरची लिंक सोडवायची, ब्रेकच्या होजची आणि एबीएसच्या वायरीची पकड मोकळी करायची. ब्रेकचा कॅलिपर सोडवावा लागलाच, तर तारेने वर टांगायचा. होजवर लोंबकळू दिलेला कॅलिपर होजला आतून इजा करतो आणि ती इजा बाहेरून दिसत नाही. मग स्ट्रट आणि चाक पेलणारे नकल यांना जोडणारे बोल्ट. ते सुटताना खाली एकाने स्ट्रट धरलेला असावा, वर दुसऱ्याने बॉनेटखालचे माउंटिंग मोकळे करावे. सगळा जुडगा बाहेर येतो. काळा, ग्रीसने आणि नगरच्या धुळीने माखलेला, आणि दिसतो त्यापेक्षा बराच जड.

आता सगळ्यांनी गप्प बसायचे. स्ट्रटवरची स्प्रिंग सुटी दिसली तरी ती दाबून बसवलेली असते, आणि तिला तिथे थोपवून धरणारा एकच नट वर असतो. समोरासमोर दोन कॉम्प्रेसर लावायचे, त्यांचे आकडे स्प्रिंगच्या वेढ्यांत खोल बसलेत का ते पाहायचे आणि दोन्हीकडचे स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळत जायचे. एकच बाजू घाईने आवळली तर स्प्रिंग वाकडी होते आणि कॉम्प्रेसर सरकू लागतो. धातूचा बारीक कुरकुराट येतो. स्प्रिंगचे टोक वरच्या बशीपासून सुटले, बशी हाताने फिरू लागली, म्हणजे ताण उतरला. मगच वरचा नट. तोपर्यंत कोणाचेही तोंड स्ट्रटच्या सरळ रेषेत नसावे. या क्षणी सुटलेली स्प्रिंग जबडा फोडू शकते. कॉम्प्रेसर स्वस्तातला, आटे झिजलेला असेल, तर स्ट्रट पिशवीत घालून पुणे रोडवरच्या गॅरेजात न्यावा आणि तिथल्या यंत्रावर स्प्रिंग उतरवून आणावी. यात कमीपणा नाही.

जुन्या स्ट्रटवरचे माउंटिंग आणि बेअरिंग नव्यावर चढते. बेअरिंग बोटांनी फिरवून पाहावे. खरखर लागली तर त्याच वेळी नवे घालावे, कारण पुन्हा ही स्प्रिंग दाबायची कोणाची इच्छा नसते. स्प्रिंगचे टोक खालच्या बशीतल्या खाचेत टेकलेच पाहिजे. नवा शॉकअप वायूच्या दाबाचा असेल, तर त्याचा दांडा दाबून सोडला की आपोआप वर येतो. पोरे हे दोन-चारदा करून पाहतातच.

जोडणी उलट क्रमाने होते, एक अपवाद सोडून. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना पुरते आवळायचे नाहीत. लोंबकळत्या चाकावर आवळलेला बुश गाडी खाली उतरताच पीळ खाऊन बसतो, आणि सहा महिन्यांत फाटून खटखट करू लागतो. बोल्ट हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चारदा दाबून मोकळी करावी आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याइतके आवळावेत. चाके चढवताना फियाटची एक जुनी खोड आडवी येते. तिच्या चाकांना नट नसून बोल्ट असतात, त्यामुळे जड चाक उचलून धरून भोक भोकाला जुळवावे लागते. चहावाल्या मित्राला काम मिळते ते इथे.

संध्याकाळी गाडी उभी राहते तेव्हा ती ठरवली त्यापेक्षा उंच दिसते आणि मालकाचा चेहरा पडतो. नव्या स्प्रिंगा थोडे अंतर चालल्यावर बसतात. पहिली फेरी गल्लीत, ब्रेक तपासत, काच खाली करून कान देत. मग बायपास, आणि काही वाजत नसेल तर चास गावाच्या बाजूला थोडे पुढे. उंची बदलली की चाकांचे कोनही बदललेले असतात. वरून आत झुकलेले आणि एकमेकांपासून फाकलेले टायर आतल्या कडेने भराभर झिजतात, म्हणून चाकांची अलाइनमेंट पुढे ढकलायची नाही. हेडलाइटचा झोतही पाहून घ्यावा. शेदोनशे किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्टवर पुन्हा एकदा टॉर्क पाना फिरवावा.

कायद्याची बाजू कोणी विचारत नाही, पण ती आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात बदल करण्यावर मर्यादा घालते. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आरसीवर सस्पेन्शनचा रकाना नसतो, ही पळवाट पुष्कळजण सांगतात. परंतु त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावणारे बदल मान्य नाहीत असा निर्णय दिला. एमएच १६ पाटीची गाडी त्याला अपवाद नाही. म्हणून बदल जेवढा लहान तेवढा बरा, आणि तो विमा कंपनीला लेखी कळवावा. काढलेले मूळ शॉकअप आणि स्प्रिंगा भंगारात देऊ नयेत. पुसून, तेलाचा हात फिरवून, डावे-उजवे लिहून माळ्यावर ठेवावेत. गाडी विकताना पहिला प्रश्न त्यांचाच निघतो.