फुलण्याचा क्रम

वैशाखात लांबून पाहिलं की अख्खा बहावा एकदम फुलल्यासारखा वाटतो. जवळ जाऊन एकच घोस निरखला की हा समज उतरतो. फांदीलगतच्या फुलांच्या पाकळ्या केव्हाच गळालेल्या, त्यांच्या जागी बारीक, हिरवी, वाकडी शेंग धरू लागलेली. त्याखाली ऐन भरातली फुलं, प्रत्येकातून तीन लांब पुंकेसर बाक देऊन बाहेर आलेले. आणि पार खाली, टोकाशी, घट्ट मिटलेल्या हिरवट कळ्या. देठाचा कोंब पुढे सरकत राहतो आणि मागे फुलं ठेवत जातो. वनस्पतिशास्त्रात हा अकुंठित फुलोरा.

मोगऱ्याची तऱ्हा उलटी. त्याचा कोंब फुलातच संपतो, म्हणून हा कुंठित. तीन कळ्यांच्या झुपक्यात मधली आधी टपोरते, बाजूच्या दोघी मागाहून. पहाटे कळ्या खुडणारा हात नेमका मधलीवर जातो आणि बाजूच्या पुढच्या खुड्यासाठी झाडावरच राहतात.

सूर्यफूल तर फूल नव्हेच, शेकडो फुलांची जत्रा आहे. कडेच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजे वांझ फुलं, मधमाश्यांना बोलावण्यापुरती. आतली चिमुकली फुलं कडेकडून मध्याकडे, रोज काही वेढे, अशी उमलतात. प्रत्येक नवं फूल आधीच्यापासून सुमारे 137.5 अंशांवर धरतं. म्हणून चकतीत एकीकडे वळणारे 34 आणि दुसरीकडे वळणारे 55 सर्पिल पुष्कळदा मोजता येतात. जागा वाया जात नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी? मधमाशी कोणत्या दिवशी येईल आणि वळीव कोणत्या संध्याकाळी झोडपेल, हे झाडाच्या हाती नाही. आंब्याचा मोहोर धरला की ढगाळ हवा आणि तुडतुडे यांच्या धास्तीने कोकणातल्या बागायतदाराची झोप उडते. सगळी फुलं एका दिवसात उघडली असती, तर एक वाईट दिवस पुरला असता. उमलणं पुढे-मागे झालं की काही कळ्या बचावतात. ज्याला आपण बहराची उधळण म्हणतो, तिच्यामागे असा चोख हिशेब असतो.

हा हिशेब देठ तोडल्यावरही लगेच मोडत नाही. निशिगंधाची काडी घ्यायची तर खालची एक-दोनच फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या टणक असलेली घ्यावी. पाण्यात ठेवली की ती खालून वर, आपल्याच क्रमाने फुलत जाते. शेंड्याच्या काही कळ्या मिटलेल्याच सुकतात, पण खालच्या कळीआधी वरची उमलली, असं सहसा होत नाही.