पारध्यांचे रान

पेन्सिल्व्हेनियात आमच्या चिरंजीवांच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर ओक, मेपल आणि हेमलॉक यांचे एक मोठे रान आहे. तेथे फिरावयास कोणाची आडकाठी नाही, दारात पैसे मागावयास कोणी बसलेला नाही. या रानास ‘स्टेट गेम लँड्स’ म्हणतात. म्हणजे लोकांच्या शिकारीसाठी सरकारने राखलेली जमीन. अशी ३०० हून अधिक राने त्या एका राज्यात असून त्यांचे क्षेत्र १५ लाख एकरांच्या घरात जाते. इतर राज्यांतही ती आहेत; नावे निराळी.

शिकारीचे राखीव रान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिकांची जंगले, मचाण आणि साहेबांचा पाहुणचार उभा राहतो. रयतेच्या वाट्यास त्यात हाका घालणे तेवढे असे. अमेरिकेने हा वारसा नाकारिला. १८४२ साली न्यू जर्सीतील कालवांच्या एका भांडणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पाण्यावरील जो हक्क इंग्लंडच्या राजाकडे होता तो आता लोकांकडे, विश्वस्त म्हणून राज्याकडे, आला आहे. पुढे रानातील जनावरांसही हाच न्याय लागला. ज्याची जमीन त्याचे हरीण, असे तेथे नाही.

परंतु जे सर्वांचे त्याची लूटही सर्वांनीच केली. आकाश झाकून टाकणारी प्रवासी कबुतरे बाजारासाठी इतकी मारली गेली की त्यांतील शेवटचे १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. पेन्सिल्व्हेनियात हरणे इतकी विरळ झाली की ती परराज्यांतून आणून सोडावी लागली. तेव्हा १९१३ साली शिकारीस परवाना लागू झाला, आणि त्याच पैशांतून १९२० पासून राज्य राने विकत घेऊ लागले. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कर वन्य प्राण्यांच्या कामी लावून दिला. लांब नळीच्या बंदुकांवर तो आज ११ टक्के आहे. ज्या राज्यास त्यातील वाटा हवा त्याने परवान्याचा पैसा दुसरीकडे खर्चता कामा नये, अशी त्यात अट आहे. आमच्या मते सगळ्या व्यवस्थेचा कणा ही अटच होय; नाही तर हरणाच्या नावाने जमलेल्या पैशांचे रस्ते व्हावयास कितीसा वेळ लागतो?

नोव्हेंबरच्या मध्यापासून महिनाभर या रानात जाणाऱ्याने, तो शिकारी नसला तरी, भडक नारिंगी वस्त्र घालावे लागते. हरणास तो रंग आपल्याइतका भडक दिसत नाही, माणसास दिसतो. आम्हीही तो पोशाख करून, कोण्या उत्सवमूर्तीसारखे सजून, हिंडलो. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, निवृत्त शिक्षक, दर साली शिकारीस जात. आम्ही मांस खात नाही हे ऐकून ते हसले नाहीत. लांडगे केव्हाच गेले, आता हरणे आवरली नाहीत तर ओकचे एकही रोप कमरेइतके वाढणार नाही, एवढेच ते म्हणाले. रानाच्या काही भागांत खाली नुसते नेचे माजलेले आम्ही पाहिले होते. त्यामुळे वाद घालण्याजोगे आमच्यापाशी फारसे नव्हते.

तथापि सगळेच आम्हांस पटले असे नाही. पिंजऱ्यांत वाढविलेले सुमारे दोन लाख फेझंट तेथे दरवर्षी रानांत सोडितात, ते मारले जावे म्हणून. हा पक्षी मूळचा आशियाचा. कोंबडी अंगणात सोडून तीवर नेम धरण्यास शिकार म्हणावयाचे असेल तर शब्दांची अब्रू काय राहिली? हरणाच्या बाबतीतही, त्याच्या जिवाची किंमत परवान्यात भरून निघते असे आमचे मन कबूल करीत नाही.

पण दुसरीही एक गोष्ट आम्हांस टोचते. अमेरिकेत शिकार करणारे शेकडा पाचसहांहून फार अधिक नसतील. या रानांत केवळ फिरावयास, पाखरे पाहावयास जाणारे पुष्कळ. जेवणावळीत आयते पान वाढून घ्यावे आणि वर यजमानाच्या स्वयंपाकास नाके मुरडावी, तशी आम्हां अहिंसकांची तेथे स्थिती आहे. १९९० नंतरच्या दशकात दुर्बिणी, तंबू आदी सामानावर असाच कर बसवावा अशी सूचना निघाली होती. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि ती बारगळली. आमच्या गळ्यातील दुर्बिणीच्या किमतीत रानाचा एक सेंटही नव्हता.

बदकांच्या शिकारीसाठी १९३४ पासून तेथे एक सरकारी तिकीट निघते. किंमत २५ डॉलर. ते बंदूक नसणाऱ्यासही मिळते. आम्ही दोन घेतली. तो पैसा पाणथळ जागांकडे जातो. आमच्या ओकच्या रानाचे देणे तसेच राहिले आहे.